पारीचा डोंगर

त्या महिन्यात, त्या पांढऱ्या चांदण्यात
आमचे वडील होते, आणि आमचा डोंगर कुणी घेतला नव्हता.
या महिन्यात, या पांढऱ्या चांदण्यात
विजयाचे नगारे बडवणाऱ्या राजांनी
डोंगरही घेतला, आणि वडीलही उरले नाहीत.

कविता एवढीच, पाच ओळींची. तमिळमधल्या 'पुरनानूरु' या प्राचीन संग्रहातली ही 112वी कविता. पारी नावाच्या एका डोंगरी सरदाराच्या मुलींनी ती रचली, अशी नोंद संग्रहातच आहे. या गोष्टीला दोन हजार वर्षांच्या आसपासचा काळ लोटला. माझ्या एका तमिळ सहकाऱ्याला मी या कवितेबद्दल विचारलं, तर त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि पाचही ओळी एका दमात म्हणून दाखवल्या. शाळेत पाठ केलेल्या. मला तमिळ येत नाही, मी सगळं इंग्रजी अनुवादांतून वाचलेलं. पण त्या पाच ओळींचा ठेका कानात गेला आणि तेव्हापासून हा संग्रह मला सोडत नाही.

पुरनानूरु ही राजस्तुतीची कविता आहे. चेर, चोळ आणि पांड्य ही तमिळ मुलखातली तीन मोठी घराणी, आणि त्यांच्या अधेमधे डोंगरदऱ्यांत राज्य करणारे लहान सरदार. त्यांचं शौर्य, त्यांचं दान, त्यांचा मृत्यू, हे सगळं 400 कवितांत आहे. कवी दीडशेहून अधिक, त्यात स्त्रियाही बऱ्याच. जुन्या तमिळ कवितेच्या दोन बाजू मानतात. अकम म्हणजे आतली, प्रेमाची; आणि पुरम म्हणजे बाहेरची, रणांगणाची, दरबाराची, स्मशानाची. अकम कवितेतल्या प्रियकराला आणि प्रेयसीला नाव द्यायचं नाही, असा दंडक होता. पुरम कवितेत मात्र माणसं नावानिशी येतात. राजाला कवीकडून हवं असायचं ते हेच. कवी पोटासाठी गायचा, राजा नावासाठी द्यायचा. हा व्यवहार उघड होता, त्याची कुणाला लाजही नव्हती.

म्हणूनच पारीच्या कविता वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्याचा परंबु डोंगर ज्यांनी घेतला त्या तीन मोठ्या राजांचं नाव या कवितांत कुठेच नाही. 'तुम्ही तिघे', 'राजे', बस. जिंकलेले तिघेही नावाला मुकले आणि हरलेला पारी तमिळ मुलखातल्या मुलामुलांना आजही ठाऊक आहे.

परंबु म्हणजे आजच्या शिवगंगा जिल्ह्यातलं पिरान्मलै, असं मानतात. पारीची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट जाईच्या वेलीची. मुल्लै म्हणजे रानातली जाई. तिला चढायला आधार नव्हता, म्हणून पारीने आपला घंटांचा उंच रथ तिच्यापाशी सोडून दिला. गोष्ट म्हणून ती सगळीकडे सांगितली जाते, पण मूळ कवितेत तिला एक वेगळंच टोक आहे. पारीचा मित्र, कवी कपिलर म्हणतो की त्या वेलीने गाऊन गाऊन जिभेला घट्टे पाडून घेतले नव्हते, तरी पारीने तिला 'घे' म्हणून रथ दिला. कवी स्वतः गाऊन मिळवणारा. न गाता मिळालेल्या दानाची किंमत त्याच्याइतकी कुणाला कळणार?

वेढा पडला तेव्हा कपिलर डोंगरावरच होता. खाली तिघांचं सैन्य आणि वरून हा त्यांना उद्देशून कविता म्हणतो आहे. एका कवितेत तो शत्रूंना डोंगराचा हिशेबच देतो. नांगर न लावता इथे चार पिकं येतात: वेळूचे तांदूळ, फणस, वळ्ळीचे कंद, आणि उंच कड्यांवर लोंबणारा मध. आभाळाएवढा डोंगर आणि चांदण्यांसारखे त्याचे झरे. झाडागणिक हत्ती बांधा, शेतागणिक रथ उभे करा, तलवारीने तुम्हाला तो मिळायचा नाही. पण तो कसा मिळेल ते मला ठाऊक आहे, असं म्हणून तो पुढे सांगतो: बारीक तारांचा याळ छेडत या, सुगंधी केसांच्या नाचणाऱ्या विरली मागे घेऊन गात-नाचत या, म्हणजे तो मुलूख आणि डोंगर दोन्ही देऊन टाकेल. पुढच्याच कवितेत तो सांगतो की परंबुची 300 गावं मागणाऱ्यांनी आधीच मागून नेली आहेत. आता पारी आहे, मी आहे आणि डोंगर आहे. गात येत असाल तर तेही तुमचं.

मला ही जगातल्या युद्धकवितेतली एक अद्भुत जागा वाटते. वेढ्यात अडकलेला माणूस शत्रूला आत येण्याची वाट दाखवतो आहे, आणि ती वाट अशी आहे की राजेपण खाली उतरवून ठेवल्याशिवाय तिच्यावर पाऊल टाकता येत नाही. अर्थात तिघे गात आले नाहीत. 'अकनानूरु' या दुसऱ्या संग्रहात या वेढ्याची आठवण येते. कपिलराने पाखरं पाळली, ती सकाळी बाहेर उडून जायची आणि संध्याकाळी धान्याची कणसं घेऊन परतायची, त्यावर वेढ्यातली माणसं जगली. शेवटी पारी मारला गेला.

त्यानंतरच्या कवितांचा एक सलग गुच्छ आहे आणि माझ्या मते पुरनानूरुचा गाभा तोच. कपिलर पारीच्या दोन्ही मुलींना घेऊन डोंगर उतरतो. दारूची मडकी उघडी असायची, बोकड कापले जायचे, भात आणि मांस संपायचं नाही, अशा त्या परंबुला तो हात जोडतो. थोडं पुढे जाऊन मागे वळतो आणि म्हणतो, इथून दिसतो. आणखी थोडं गेल्यावरही दिसेल. पुढे एका कवितेत मुली एका लहानशा झोपडीत राहताहेत. छपरावर भोपळ्याचे वेल चढलेले. मुली बाहेरच्या उकिरड्यावर चढून उभ्या राहतात आणि रस्त्याने जाणाऱ्या मिठाच्या व्यापाऱ्यांच्या गाड्या मोजतात. हे पाहून कपिलरच्या पोटात तुटतं, कारण याच मुली डोंगरावर असताना चालून आलेल्या राजांचे घोडे मोजायच्या. खेळ तोच, मोजणंही तेच. एवढ्या एका चित्रात तो सगळा पराभव सांगून मोकळा होतो.

मग तो या मुलींची लग्नं जमवायला निघतो. एका सरदाराच्या दारात उभा राहून सांगतो, "मी यांच्या वडिलांचा मित्र, म्हणून या माझ्या मुली. मी ब्राह्मण, कवी. यांना घेऊन आलो आहे." दोन सरदार नकार देतात. विजेत्यांचा रोष कोण ओढवून घेणार? दुसऱ्याच्या नकारावर कपिलर भडकतो आणि त्याला आठवण देतो की तुमच्या पूर्वजाने एका कवीचा अपमान केला तेव्हा तुमचं अरैयम नगर धुळीला मिळालं होतं. स्तुती करणाऱ्याच्या हातातली दुसरी धार ही.

कपिलर पुढे एका चेर राजाकडेही गेला. तिथे त्याने जे गायलं ते 'पदिट्रुप्पत्तु' या संग्रहात आहे. पण नव्या राजाची स्तुती सुरू करतानाही आधी पारी येतो: पारी गेला, जिथून परत येत नाहीत तिथे गेला, म्हणून मी तुझ्याकडे हात पसरायला आलेलो नाही, तुझ्या दानाची कीर्ती ऐकून आलो. परंपरेने जपलेली नोंद अशी की त्या राजाने त्याला एक लाख नाणी दिली, आणि नन्रा नावाच्या टेकडीवर चढून नजर पोचेल तेवढा मुलूख दाखवून तोही दिला. एवढं मिळूनही कपिलर त्यात रमला नाही. मुली मार्गी लागल्यावर त्याने उत्तरेकडे तोंड करून अन्नपाणी सोडलं. तेव्हाच्या कवितेत तो मेलेल्या मित्राशी भांडतो. मला बरोबर येऊ दिलं नाहीस, 'तू इथेच थांब' म्हणालास आणि निघून गेलास. तेवढा मी तुला परका होतो का? तमिळनाडूतल्या तिरुक्कोविलूरला पेण्णै नदीच्या पात्रात एक मोठा खडक आहे, त्याला आजही कपिलराचं नाव आहे. तिथल्याच मंदिरातला राजराज चोळाच्या काळातला शिलालेख म्हणतो की पारीच्या मुलीचं लग्न लावून कपिलराने अग्निप्रवेश केला. उपास की आग, यावर दोन परंपरा. कवी जाऊन हजार वर्षं होत आली तरी लोक त्याच्या मरणाची हकीकत दगडावर कोरत होते, हे मला त्याहून मोठं वाटतं.

विजेत्याला त्याच्या तोंडावर हरलेल्याची थोरवी ऐकवायची, ही सवय एकट्या कपिलराची नव्हे. तंजावरच्या पूर्वेला वेण्णि नावाचं गाव आहे. तिथे करिकाल चोळाने चेर राजाचा पराभव केला. भाला छातीतून शिरून पाठीतून बाहेर निघाला, आणि पाठीवर जखम म्हणजे कलंक; म्हणून तो चेर राजा रणांगणावरच उत्तरेकडे तोंड करून मरणाची वाट पाहत बसला. त्याच गावच्या एका कवयित्रीची कविता 66व्या क्रमांकावर आहे. तिचं नाव वेण्णि कुयत्तियार, म्हणजे वेण्णिची कुंभारीण. वाऱ्याला राबवून समुद्रात जहाजं हाकणाऱ्याचा तू वंशज, अशी ती करिकालाची रीतसर स्तुती सुरू करते. तू जिंकलास, बळ दाखवलंस. आणि शेवटी विचारते: पाठीवरच्या जखमेची लाज वाटून जो उत्तरेकडे तोंड करून बसला, तो तुझ्याहून भला नाही का? करिकाल हा त्या काळच्या चोळांचा सर्वात मोठा राजा, आणि त्याला हे विचारणारी त्याच्याच मुलखातली कुंभारीण. कविता राहिली, याचा अर्थ ती ऐकून घेतली गेली.

ऐकून घेण्याच्या अशा जागा या संग्रहात पुष्कळ आहेत. किळ्ळिवळवन नावाच्या चोळ राजाने वैरी मलैयमानाची लहान मुलं पकडून हत्तीच्या पायी द्यायला आणली. कोवूर किळार नावाचा कवी तिथे उभा राहिला. त्याने राजाला सांगितलं की तू कबुतराला वाचवणाऱ्याच्या वंशातला. आणि ही मुलं अशांची, जे कवींच्या भुकेच्या भयाने आपलं अन्न वाटून खातात. मग तो मुलांकडे बोट दाखवतो. हत्ती पाहून ती रडायची थांबली आहेत. आता त्यांना भीती वाटते ती भोवती जमलेल्या अनोळखी गर्दीची. हे बघणाऱ्याचेच डोळे हवेत. मृत्यूच्या उंबऱ्यावरचं मूल हत्तीकडे कुतूहलाने बघतं, हे ज्याने टिपलं त्याने दुसरा युक्तिवाद करण्याची गरजच ठेवली नाही. "ऐकलंस ना, आता तुला वाटेल ते कर," असं म्हणून तो थांबतो. मुलं वाचली.

याच किळ्ळिवळवनाकडे वेळ्ळैक्कुडी नागनार नावाचा कवी शेतसाऱ्याची थकबाकी माफ करून घ्यायला गेला होता. ती कविता मला फार जवळची वाटते, कारण तिच्यात बाण-भाले मागे पडतात आणि नांगर पुढे येतो. तुझ्या लढणाऱ्या फौजेचा विजय हा नांगराच्या तासात उगवलेल्या पिकाचं फळ आहे, असं तो स्पष्ट बजावतो. पाऊस पडला नाही, पीक बुडालं, तर जग राजालाच दोष देतं, हेही ऐकवतो. थकबाकी माफ झाल्याची नोंद कवितेखाली आहे.

असं असलं तरी या संग्रहातलं सगळंच मला भावतं असं नाही. एका पांड्य राजाची स्तुती करणारा कवी कौतुकाने सांगतो की तू शत्रूच्या रथ धावणाऱ्या रस्त्यांवर पांढऱ्या तोंडाची गाढवं जुंपून नांगर फिरवलास, पिकात घोडे घातलेस. एका कवितेत एक म्हातारी आई मुलाने पाठ दाखवल्याची अफवा ऐकते, तसं असेल तर ज्या स्तनांनी त्याला पाजलं ते कापून टाकीन म्हणते, तलवार घेऊन रणांगणावर प्रेतं उलटीपालटी करते, आणि त्याच्या देहाचे तुकडे सापडल्यावर त्याच्या जन्माच्या दिवसाहून जास्त आनंदते. कविता विलक्षण ताकदीची आहे. पण मला तिथे थांबवत नाही, मी पान उलटतो. त्यापेक्षा कावर्पेण्डु नावाच्या कवयित्रीतली आई मला जवळची आहे. शेजारीण येऊन विचारते, तुझा मुलगा कुठे आहे? ती म्हणते, कुठे आहे मला ठाऊक नाही. वाघ राहून गेलेल्या गुहेसारखी ही कूस इथे आहे. तो कुठल्या तरी रणांगणावर दिसेल.

आणि या सगळ्याच्या तळाशी भूक आहे. पेरुंतलै सात्तनार हा कवी कुमणन नावाच्या सरदाराकडे जातो तेव्हा कुमणनाला भावाने हाकलून दिलेलं आहे, तो रानात लपला आहे. कवी त्याला घरची स्थिती सांगतो. स्वयंपाक विसरलेल्या चुलीत कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या आहेत. दूध नसलेल्या छातीशी बाळ लुचतं आणि रडतं, बाळाकडे पाहणाऱ्या आईचे डोळे भरतात, आणि आई माझ्याकडे बघते. कुमणनाकडे द्यायला काहीच नव्हतं. भावाने त्याच्या डोक्यावर बक्षीस लावलं होतं, म्हणून त्याने कवीच्या हातात आपली तलवार ठेवली.

इतकी भूक असूनही पेरुंचित्तिरनार नावाचा कवी एका सरदाराचं दान परत पाठवतो. सरदाराने भेट न घेताच बक्षीस धाडलं होतं. "मी दानाचा व्यापारी नव्हे," तो कळवतो. योग्यता ओळखून दिलंस तर राळ्याच्या दाण्याएवढं दानही गोड लागेल. तो सरदार होता तगडूरचा, म्हणजे आजच्या धर्मपुरीचा, अदियमान नेडुमान अंजी. कवींचा अगदी आवडता.

त्याच अंजीवर औवैयार या कवयित्रीने गायलेल्या कविता हा दुसरा मोठा गुच्छ. त्याने दुर्मिळ आवळा स्वतः न खाता तिला दिला, ही गोष्ट तमिळ घरांत सगळ्यांना माहीत. औवैयार त्याची दूत म्हणून कांचीच्या तोंडैमान राजाकडे गेली. त्याने तिला आपलं शस्त्रागार दाखवलं. तिने भरभरून स्तुती केली: इथली शस्त्रं मोरपिसं लावून, हार घालून, तूप चोपडून राखणीतल्या वाड्यात ठेवलेली आहेत. आणि आमच्या राजाची? शत्रूंना भोसकून टोकं मोडलेली, सदा लोहाराच्या पडवीत पडलेली. तोंडैमानाला एवढ्यावरच युद्धाचा अंदाज आला असणार.

अंजी मेल्यावर औवैयारने जे गायलं, ते वाचताना घसा दाटून येतो. थोडी दारू असली तर आम्हाला द्यायचा. पुष्कळ असली तर आम्ही गायचो आणि तो आनंदाने प्यायचा. त्याच्या छातीत शिरलेला भाला पाणर गायकांच्या वाडग्यांना भोकं पाडून, मागणाऱ्यांच्या हातांतून आरपार जाऊन, कवींच्या जिभेवर पडला. पुढे त्याच्या नावाचा नडुकल, म्हणजे स्मारकशिळा उभारली गेली. नडुकल म्हणजे आपल्याकडचा वीरगळच. गावाची गुरं सोडवताना पडलेल्या माणसांचे असे दगड तिकडेही आहेत आणि इकडेही. मोरपिसं लावून त्याला दारूचा नैवेद्य दाखवताना औवैयार विचारते: शिखरांसह मुलूख दिला तरी जो घेत नव्हता, तो आता या लहानशा भांड्यातली दारू घेईल का?

हा अंजी खरोखर होऊन गेला. तिरुक्कोविलूरजवळच्या जंबै गावी 1981 साली तमिळ-ब्राह्मीत कोरलेली एक ओळ सापडली: सत्यपुत्र अदियमान नेडुमान अंजीने दिलेलं निवासस्थान. अशोकाच्या शिलालेखांत चोळ-पांड्यांच्या बरोबरीने 'सतियपुत' असं एक नाव येतं. ते कोण, यावर अभ्यासकांत वाद होता. काहींनी तर आपल्या सातपुते आडनावापर्यंत धागा जोडला होता. जंबैच्या त्या ओळीनंतर तो धागा तगडूरला जाऊन पोचला.

हा सारा ऐवज मधल्या काळात जवळजवळ विस्मृतीत गेला होता. तो छापून वर आणणाऱ्यांतलं मोठं नाव म्हणजे उ. वे. स्वामिनाथ अय्यर. 1855 सालचा जन्म, तंजावर मुलखातल्या उत्तमदानपुरमचा. त्याच वर्षी तंजावरचे शेवटचे मराठा राजे दुसरे शिवाजी वारले. अय्यरांनी आत्मचरित्राची सुरुवात गावाच्या नावापासून केली आहे: तंजावरच्या एका राजाने एकादशीला विसरून विडा खाल्ला आणि प्रायश्चित्त म्हणून हे गाव दान दिलं. कुंभकोणमच्या कॉलेजात शिकवत, गावोगावच्या मठांतून आणि घरांतून कसरीने खाल्लेली ताडपत्रं गोळा करत त्यांनी पुरनानूरु 1894 साली छापलं. जुनी टीका फक्त पहिल्या 266 कवितांवर मिळाली. 267 आणि 268 या दोन कविता मिळाल्याच नाहीत. पुढच्या अनेक कवितांच्या ओळी मध्येच तुटतात आणि नेमक्या त्याच भागात साध्या शिपायांच्या, विधवांच्या, नडुकलांच्या कविता दाटीने आहेत.

मराठी माणसं तंजावरात साडेतीनशे वर्षं नांदली. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात तमिळ ताडपत्रं आणि मोडी दफ्तरं एकाच छताखाली आहेत. घरात मराठी आणि दारात तमिळ बोलणारी कुटुंबं तिथे अजून आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी कपिलराच्या या पारीवरच्या कविता, वेढ्यापासून त्या शेवटच्या भांडणापर्यंत, थेट तमिळमधून मराठीत सलग आणाव्यात असं मला फार वाटतं. मला इंग्रजीतून जेवढं गवसलं तेवढं मी वर लिहिलं. ज्याच्या कानात दोन्ही भाषा आहेत त्याला त्या पाच ओळींचा ठेका मराठीतही सापडेल, याची मला खात्री आहे.